हात मोकळे ठेवा!

सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसाला भाषेसाठी भांडायला बोलवा, तो रात्रभर उभा राहील. पण दोन तास मांडी घालून नाच पाहायला बोलवा, की त्याला घरची कामे आठवतात! सारी हयात शाळेत घालवलेला मास्तर हे लिहितो आहे. कुणाला झोंबले तर झोंबो.

गेल्या हिवाळ्यात इंदूरला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांपाशी, एका संध्याकाळी कथक होते. ताई म्हणाली, "चल, बाहेरगावचा पाहुणा म्हणून तरी चल." नर्तकी कोवळी होती, पण तयारीची. तिने आधी बोल तोंडाने म्हटले, मग तेच पायांनी म्हणून दाखवले. एका अवघड तिहाईपूर्वी ती थांबली आणि हसून म्हणाली, "ज़रा हाथ से ताल दीजिए." आणि काय सांगू! टाळी द्यायला हातच मोकळे नव्हते. समोर नुसते उंचावलेले मोबाईल. खोटे कशाला बोलू, एक माझाही होता.

तिहाई समेवर आली तेव्हा टाळ्या पडल्या त्या फक्त मागच्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांच्या. त्यांत ताई होती. तबलजीने मान वर करून त्यांच्याकडेच पाहिले. पुढचा तुकडा नर्तकीने त्या चौघांसाठी केला, हे मी शपथेवर सांगतो. समोर बसलेल्या माणसाची मान हलली की कलावंताला पुढचे सुचते. मोबाईलला मान नसते.

आता आपल्याकडे या. आमच्या स्नेहसंमेलनात आपल्या मुलीचा नाच संपला, की आईबाप खुर्च्या सरकवून चालू लागतात. शेवटच्या मुलीने रिकाम्या खुर्च्यांपुढे नाचायचे! आणि भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचे आमंत्रण दिले की उत्तर ठरलेले: "सर, ते त्यांचे. आपले नव्हे."

त्यांचे? तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने रंगतो, तो घडवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे तमिळ बंधू त्याच मराठी दरबाराच्या आश्रयाला होते. कथक उत्तरेचे म्हणाल, तर रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली आणि लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या मराठी मुलींच्या पायांत घातली. यात आपले किती आणि त्यांचे किती, हे कोणता आयोग ठरवणार?

दुसरी सबब, "आम्हाला त्यातले कळत नाही." अहो, तीनतालाच्या सोळा मात्रा! चार बोटे, प्रत्येकावर चार. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. आमच्या पाचवीच्या मुलांना हे एका तासात जमते. पण त्यासाठी समोर बसावे लागते. छोट्या पडद्यावर गिरकी दिसते. ती घेण्यापूर्वी नर्तकीने रोखलेला श्वास दिसत नाही.

कुणी म्हणेल, सर, चित्रण केले तर चार घरी पोचते. पोचू द्या. एकाने करावे, एका कोपऱ्यात बसून. पण चारशे माणसांनी चारशे वेळा तेच टिपायचे आणि पाहायचे एकानेही नाही, याला रसिकता म्हणत नाहीत.

आपली भाषा टिकावी म्हणून आपण पाट्यांसाठी झगडतो. झगडलेच पाहिजे, मीही त्यात आहे. पण संस्कृती पाटीवर राहत नाही. ती राहते भरलेल्या बैठकीत, आणि बैठक आपण रिकामी टाकली तर दोष सरकारचा नव्हे.

तेव्हा पालकहो, या हिवाळ्यात गावात कुठलेही नृत्य असो, कथक असो वा भरतनाट्यम, मुलांना घेऊन जा. मोबाईल पिशवीत टाका. शेवटच्या मुलीचा नाच संपेपर्यंत उठू नका. आणि तिने ताल मागितला, तर तिला दोन्ही हात द्या.