शिल्लक दाखवा, मग शिका!

पेण आणि रोहा तालुक्यांतील आपल्या अनेक घरांतून आज पदवीधर मुले-मुली बाहेर पडत आहेत. आजोबांनी मिठागरावर किंवा खोताच्या शेतावर मजुरी केली, वडील धाटावच्या किंवा नागोठण्याच्या कारखान्यात कामाला लागले आणि आता तिसरी पिढी इंग्लंड-जर्मनीतील विद्यापीठांकडे अर्ज करीत आहे. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले म्हणजे वाट मोकळी झाली, असे समजणाऱ्या घरांना पुढे एक कठीण उंबरठा लागतो. विद्यापीठ विचारते, "तुला काय येते?" व्हिसा देणारे सरकार विचारते, "तुझ्या खात्यात किती आहे?" या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम हा प्रश्न नेमका काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तेथे शिकावयास जाणाऱ्याने राहण्या-जेवण्यासाठी लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड व लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. लंडनबाहेरचा हिशेब १०,५३९ पौंडांचा होतो, म्हणजे आजच्या दराने बारा लाख रुपयांच्या आसपास. पहिल्या वर्षाच्या शुल्कातील जी बाकी असेल ती निराळी. हे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. त्या २८ दिवसांत शिल्लक एक दिवस जरी ठरलेल्या रकमेखाली गेली तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो. खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे अथवा आई-वडिलांचे हवे. आई-वडिलांचे असेल तर नाते सिद्ध करणारा जन्मदाखला व त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. चुलत्याचे, मामाचे, आजोबांचे खाते चालत नाही.

परक्या मुलखात गेलेला विद्यार्थी उपाशी राहू नये, अशी काळजी कोणत्याही सरकारने घेतली तर तिला आम्ही दोष देणार नाही. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात व तेच पैसे दरमहा ९९२ युरो याप्रमाणे त्याला खर्चास परत मिळतात. तेथे निदान दाखविलेला पैसा आणि खर्चावयाचा पैसा एकच असतो. आमचा आक्षेप अटीवर नाही. अट सर्वांना सारखी दिसते, पण तिचे उत्तर मुलाच्या बुद्धीवर अवलंबून नसून त्याच्या आजोबांना काय जमविता आले यावर अवलंबून असते, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

आपल्या घरांची मिळकत कोणत्या रूपात आहे ते पाहा. काहींच्या नावे थोडी वतनी जमीन आहे. महार वतनाच्या दास्यातून समाजाला मोकळे करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्या जमिनी पुढे नवीन शर्तीवर मिळाल्या. ती शर्त कित्येकांच्या सातबाऱ्यावर अद्याप आहे आणि अशी जमीन तारण घ्यावयास बँका कचरतात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक सामान्यतः तारण मागते. म्हणजे जमीन असून कर्जास उपयोगी पडत नाही. व्हिसाच्या हिशेबात तर जमीन, घर, दागिने यांना स्थानच नाही. वडिलांचा भविष्य निर्वाह निधी कितीही मोठा असो, तो खात्यात रोख उतरेपर्यंत त्याचा उपयोग नाही. भिशीत फिरणारा पैसाही त्या कागदावर दिसत नाही.

बँकेची निवड हीदेखील किरकोळ बाब नाही. पेणकरांना हे सांगण्याची गरज नसावी. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१० साली निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची कमाई अडकून पडली. त्या वेळी ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. ती पाच लाख झाली ती २०२० साली. जो पैसा काढता येत नाही तो व्हिसासाठी नसल्यासारखाच. शिवाय ब्रिटनच्या पूर्वीच्या नियमावलीत ज्या भारतीय बँकांचे दाखले ग्राह्य धरले जात नसत त्यांची यादी होती, आणि तीत अनेक सहकारी बँका होत्या. ती यादी आता राहिली नाही. तरी बँक नियामकाच्या देखरेखीखालील हवी व तिच्या नोंदी पडताळता आल्या पाहिजेत, हा दंडक कायम आहे. म्हणून शिक्षणासाठीची पुंजी पतसंस्थेत न ठेवता वेळीच मोठ्या अनुसूचित बँकेत ठेवावी, हे शहाणपणाचे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. १९१५ साली रोह्याच्या एका वकिलाचा बुद्धिमान मुलगा केंब्रिजला गेला. पुढे तोच रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. ते चिंतामणराव देशमुख होत. त्यांच्या बुद्धीविषयी कोणास शंका नाही. पण त्याआधी दोन वर्षे, १९१३ साली, एका सुभेदाराचा मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, तो घरच्या पुंजीवर नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली, म्हणून बाबासाहेब जाऊ शकले. ती मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी तीच होती, जिद्द तीच होती. थांबली होती ती केवळ रक्कम. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपयांचे कर्ज घेऊन. ज्याच्या घरी पुंजी नाही त्याच्या पाठीशी राज्याचा कागद उभा राहिला पाहिजे, हा त्या सर्व कहाणीचा अर्थ आहे.

आजच्या नियमांतही या अर्थाला जागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सरकारने अथवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने सर्व खर्च उचलल्याचे पत्र दिले तर ब्रिटन खात्यातील शिल्लक मागत नाही. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे पत्रही चालते आणि त्याला २८ दिवसांची अट नाही. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या जागा ७५. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १२५ जणांसाठी असून तीत ११५ जागा अनुसूचित जातींच्या आहेत. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने, म्हणजे धर्मांतरानंतर तब्बल ३४ वर्षांनी. धर्म बदलला म्हणून दारिद्र्य बदलत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास इतका काळ लागला!

परंतु पत्र वेळेवर मिळाले नाही तर ते असून नसल्यासारखे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या शिष्यवृत्तीस १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि सुरुवातीस केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे कळविण्यात आले. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. जुलैत पत्र नाही म्हणजे व्हिसा नाही आणि व्हिसा नाही म्हणजे जागा गेली. श्रीमंताचा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करील. आपल्या मुलाचे वय, उमेद आणि घरची सहनशक्ती तितकी वाट पाहत नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. राज्य व केंद्र या दोन्ही सरकारांनी निवडयादी व हमीपत्रे मे महिनाअखेर द्यावीत आणि निवड झालेल्यास 'निधी असल्यास' अशी अट घालू नये. हमी सशर्त असेल तर तिला हमी म्हणता येत नाही.

या उशिरातूनच दुसरे संकट जन्म घेते. काही दलाल सांगतात, "महिनाभर बारा लाख तुमच्या खात्यात ठेवतो, व्याज द्या, व्हिसा झाला की परत घेतो." बापाला वाटते, लेकराचे भले होत आहे. वास्तविक तो उसना पैसा २८ दिवसांनी जातो, व्याजाचा बोजा घरावर राहतो आणि मुलगा परक्या शहरात रिकाम्या हाताने उतरतो. कागद खोटे ठरले तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. जे आपले नाही ते आपले म्हणून दाखविणे शीलाच्या विरुद्ध आहे आणि व्यवहाराच्याही. बांधवांनो, या मार्गाने जाऊ नका.

मग करावे काय? मूल पदवीच्या दुसऱ्या वर्षास असतानाच जात-प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि जन्मदाखला तयार ठेवावा. आई-वडिलांचे नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे की नाही ते तपासावे. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कर्जाचा अर्ज बरोबरच करावेत, एकाच्या आशेवर दुसरा सोडू नये. चुलत्यास अथवा गावास मदत करावयाची असेल तर ती खरोखरची देणगी असावी आणि मुदतीच्या पुष्कळ आधी आई-वडिलांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी. पेण आणि रोहा येथील विहार समित्यांनी दर उन्हाळ्यात एक दिवस या माहितीसाठी राखून ठेवावा. परदेशी जाऊन आलेल्या मुला-मुलींना तेथे बोलवावे. त्यांचा अनुभव कोणत्याही दलालाच्या सल्ल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि तो फुकट आहे.

खात्यातील शिल्लक हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे आपण जाणतो. तरीही तो पुरावा जग मागणारच. तेव्हा तो खरा असावा, वेळेवर असावा, आणि जेथे घराला तो देता येत नाही तेथे तो राज्याने द्यावा. आपण यात कोणाची दया मागत नाही. आजोबांना ज्या व्यवस्थेने पुंजी जमवू दिली नाही, तिच्या हिशेबातील ही बाकी आहे, आणि ती वसूल करणे हा नातवंडांचा हक्क आहे.