कोळशावरचा उपकर आणि विदर्भाचा अनुशेष

वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आली, तेव्हा बाजारपेठेत चर्चा झाली ती साबण, मोटारी आणि विम्याचे हप्ते यांची. कोळशावर प्रतिटन ४०० रुपये या दराने आकारला जाणारा उपकर त्याच दिवशी संपुष्टात आला आणि कोळशावरील कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. या बदलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या हिशेबानुसार या दोन्ही फेरफारांचा एकत्रित परिणाम म्हणजे कोळशावरील करभार प्रतिटन सरासरी २६० रुपयांनी हलका झाला आणि वीजनिर्मितीचा खर्च युनिटमागे १७ ते १८ पैशांनी उतरला. विजेच्या बिलाने हैराण झालेल्या ग्राहकास हा दिलासा नकोसा वाटण्याचे कारण नाही. तथापि हा उपकर इतर करांसारखा नव्हता. प्रदूषण करणाऱ्याने त्याचे मोल चुकवावे, या तत्त्वावर भारताने केलेला तो पहिला मोठा प्रयोग होता. पंधरा वर्षांनी तो आटोपला असताना त्याचा जमाखर्च मांडणे विदर्भाला तरी टाळता येणार नाही. कारण हा कोळसा उमरेड, सावनेर, वणी आणि चंद्रपूरच्या भूमीतून निघतो, आणि त्यातील बराचसा कोराडी, खापरखेडा व चंद्रपूरच्या भट्ट्यांतून जळतो.

या उपकरामागील विचार जुना आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, एखाद्याच्या व्यवहाराचे नुकसान तिसऱ्याच माणसाला सोसावे लागत असेल, तर त्या नुकसानीइतका कर त्या व्यवहारावर बसवावा; म्हणजे वस्तूची किंमत खरी होते. कोळशाच्या किमतीत खाणीचा खर्च, मजुरी, स्वामित्वशुल्क आणि रेल्वेचे भाडे येते. शेतात साचणारी राख, छातीत जाणारा धूर आणि वातावरणात शतकानुशतके साठून राहणारा कार्बन डाय-ऑक्साइड यांचा त्यात समावेश नसतो. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी जुलै २०१० मध्ये प्रतिटन ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर सुरू झाला. २०१४ मध्ये तो १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला.

या ४०० रुपयांचा भार किती होता? एक युनिट वीज निर्माण करण्यास सर्वसाधारणपणे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे उपकराचा बोजा युनिटमागे २६ ते २८ पैसे झाला. महिन्याला १०० युनिटे वापरणाऱ्या कारकुनाच्या वा शिक्षकाच्या कुटुंबाने सारी वीज कोळशाचीच वापरली असे धरले, तर वहनातील गळती सोडून त्याच्या वाट्याला महिन्याकाठी २६ ते २८ रुपये आले. ही रक्कम क्षुल्लक म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. गरीब कुटुंबाच्या खर्चात विजेचा हिस्सा श्रीमंतांच्या तुलनेने मोठा असतो. हिंगणा व बुटीबोरी येथील कारखानदारही शेजारच्या छत्तीसगडमधील स्वस्त विजेकडे बोट दाखवून वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. नियमनास खर्च असतो, आणि तो नाकारून नियमनाची बाजू बळकट होत नाही.

परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले, तर हा कर फार जडही नव्हता. एक टन भारतीय कोळसा जळाला म्हणजे ढोबळमानाने दीड टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने भारताने एका टन कार्बन डाय-ऑक्साइडचे मोल सुमारे २७० रुपये ठरविले होते. युरोपच्या कार्बन बाजारात हेच मोल २०२१ च्या मध्यानंतर बहुतांश काळ ६० युरोंच्या वर, म्हणजे पाच हजार रुपयांहून अधिक राहिले आहे.

आता लाभाची बाजू. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, हवामानबदल रोखण्यास जागतिक उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का खर्च येईल. न रोखल्यास होणारी हानी ५ ते २० टक्क्यांच्या घरात जाईल. या अनुमानावर विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली. त्यांना पुढे २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वाद होता तो भविष्यातील हानीचे आजचे मूल्य कोणत्या दराने काढावे याविषयी. पन्नास वर्षांनंतर होणारी १०० रुपयांची हानी वार्षिक ५ टक्के दराने आज पावणेनऊ रुपयांहून कमी भरते. स्टर्न यांनी धरलेल्या १.४ टक्के दराने तीच जवळजवळ ५० रुपये भरते. नातवंडांचे दुःख आज किती मोलाचे मानावे, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

विदर्भाच्या बाबतीत मात्र हा वाद बराचसा गैरलागू ठरतो, कारण येथील हानी पन्नास वर्षे दूर नाही. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते. अशा उन्हाळ्यात पाट्या वाहणारी मजूर बाई, सायकलरिक्षावाला आणि भाजीविक्रेता यांचे कामाचे तास बुडतात. हे बुडलेले उत्पन्न कोणत्याही बिलावर छापले जात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या आपत्तीचा सारा दोष हवामानबदलावर टाकता येणार नाही. नदीपात्रातील अतिक्रमणे आणि तुंबलेले नाले यांचाही त्यात वाटा होता. मात्र थोड्या वेळात कोसळणारा पाऊस तापत्या हवेबरोबर वाढत जातो, हे शास्त्रज्ञांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. याशिवाय जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा राख बंधारा फुटून राखमिश्रित पाणी शेतांत व ओढ्यांत शिरले, ती हानी तर थेट कोळशाच्याच खात्यावर मांडावी लागेल. कोळसा कमी जळाला, तर हा जोखमीचा भारही कमी होतो, आणि हा लाभ जगाला नव्हे तर नागपूर जिल्ह्यालाच मिळतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो, व तो वजनदार आहे. भारतात दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. वातावरणात आधी साठलेला कार्बन मुख्यतः श्रीमंत राष्ट्रांचा आहे. मग भुर्दंड नागपूरच्या ग्राहकाने का सोसावा? न्यायाच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे. व्यवहारात मात्र परिस्थिती पालटली आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी आयात मालावर कार्बनचा सीमाभार लागू केला असून, मूळ देशात चुकविलेले कार्बनचे मोल त्यातून वजा होते. म्हणजे जे मोल भारत स्वतः वसूल करणार नाही, ते युरोपच्या तिजोरीत जाईल. हे ओळखूनच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद व क्लोर-अल्कली या उद्योगांना उत्सर्जनाची बंधनकारक लक्ष्ये ठरवून दिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची कागदगिरणी याच उद्योगांत मोडतात. त्या यादीत औष्णिक वीज केंद्रे मात्र नव्हती. सिमेंटला शिस्त आणि कोळशाला सूट, असा हा विसंगत प्रकार आहे.

ही सूट दिसते त्याहून महाग पडणारी आहे. कर हा उभ्या असलेल्या केंद्रापेक्षा उभारल्या जाणाऱ्या केंद्राच्या निर्णयावर अधिक प्रभाव पाडतो. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच चालू असताना तेवढ्याच क्षमतेचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि मे २०२३ मध्ये त्यावरील जनसुनावणीत नागपूरकरांनी विरोध नोंदविला. असा संच एकदा उभा राहिला की पंचवीस-तीस वर्षे चालतो. कार्बनचे मोल शून्य धरले तर तो किफायतशीर दिसेल, वाजवी धरले तर कदाचित दिसणार नाही. दरम्यान सौर विजेचा दर कोठून कोठे आला हेही पाहिले पाहिजे. २०१० मधील राष्ट्रीय सौर अभियानाच्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटमागे सुमारे ११ रुपये होती. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर उतरली. याचे श्रेय केवळ भारतीय धोरणाला देता येणार नाही. जर्मनीची अनुदाने व चीनचे कारखाने हे त्याचे मोठे कारण होते. सूर्यास्तानंतरच्या विजेचा व साठवणुकीचा खर्चही त्यात मिळवावा लागतो. तरीही खरी तुलना व्हायची, तर दोन्ही पारड्यांत पूर्ण किंमत पडली पाहिजे.

मग एवढा सयुक्तिक उपकर निघून गेला असता कोणी हळहळले का नाही? याचे उत्तर त्या पैशाच्या वाटचालीत आहे. हा पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जाऊन संशोधन व स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांवर खर्च व्हावा, असा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,००० कोटी रुपये जमा झाले आणि त्यांपैकी ३०,००० कोटींहूनही कमी रक्कम निधीपर्यंत पोहोचली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकराचे नावच बदलले. राज्यांची महसुली तूट भरून देण्यासाठी व नंतर त्यापोटी काढलेले कर्ज फेडण्यासाठी तो वापरला जाऊ लागला. राज्यांना भरपाई देणे आवश्यक होते, यात शंका नाही; पण प्रदूषणाचे मोल म्हणून घेतलेला पैसा त्यासाठी वळविणे म्हणजे कराचा प्राण काढून घेऊन केवळ सांगाडा ठेवणे होय. ज्या कराचे फळ जनतेला कधी दिसलेच नाही, तो गेल्यावर तिने अश्रू ढाळावेत अशी अपेक्षा कशी करावी?

वजनावर आकारलेला जुना उपकर निर्दोष नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. हलक्या प्रतीच्या स्वस्त कोळशावर किमतीच्या मानाने त्याचा बोजा अधिक पडे. पण किमतीवरचा १८ टक्के कर हाही कार्बनचे माप नव्हे. तो बाजारभावाचे माप आहे. योग्य मार्ग म्हणजे कोळशातील कार्बनच्या प्रमाणात आकारणी करणे, लहान ग्राहकाला बिलातच तेवढी सूट देणे आणि उरलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा कायद्याने कोळसा जिल्ह्यांसाठी बांधून ठेवणे. हे अशक्य नाही. खाणपट्टाधारकांच्या स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानला रक्कम देण्याची तरतूद २०१५ पासून कायद्यात आहेच. तोच न्याय राखेच्या तलावांभोवतालच्या गावांना, उन्हात राबणाऱ्यांना आणि खाणी मिटल्यावर बेकार होणाऱ्या कंत्राटी कामगारांना लावता येईल.

विदर्भाला अनुशेष हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा खात्यांतील मागासलेपण रुपयांत मोजून दाखविले, तेव्हा कुठे त्या मागणीला शासनदरबारी आधार मिळाला. राख, धूर आणि उष्णता यांचे रकाने त्या हिशेबात नव्हते. ते आता उघडले पाहिजेत. युनिटमागे १७ पैशांचा दिलासा बिलात दिसतो. त्याच्या बदल्यात विदर्भाने काय सोसायचे, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. कार्बनचे मोल पुन्हा आकारावे की नाही याचा निर्णय दिल्लीत होईल. तो होण्यापूर्वी दुसऱ्या बाजूचे आकडे मांडण्याची जबाबदारी विदर्भाच्या लोकप्रतिनिधींची आणि विद्यापीठांची आहे, आणि ती त्यांनी आणखी पुढे ढकलू नये.