एकही हात नाही, म्हणून दंड?

पत्त्यांच्या बैठकीत एक निकाल फार घाईने लागतो: ज्याचा एकही हात झाला नाही, तो नुसता पानं पिसायला आला होता. सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या जपानी माजोंगमध्ये या टोमण्याचा चक्क नियम झाला आहे. पूर्ण खेळात एकदाही न जिंकणारा तो ‘याकितोरी’, म्हणजे भाजलेली कोंबडी. हा नियम सगळीकडे नसतो. जिथे असतो तिथे याकितोरीला वेगळा दंड भरावा लागतो.

दंड नसेल तर सगळेच अंग चोरून बसतील, असं नियमाचे वकील सांगतात. हिशेब मात्र वेगळं सांगतो. ज्याने टाकलेल्या सोंगटीवर दुसऱ्याचा डाव लागतो, तो एकटाच सगळी भरपाई देतो. म्हणून समोरच्याने ‘रीची’, म्हणजे डाव लागायला एकच सोंगटी हवी, असं पुकारलं की जाणता खेळाडू त्या पुकारणाऱ्यानेच आधी टाकलेली सोंगटी शोधून टाकतो, कारण तिच्यावर त्याला जिंकता येत नाही. यात स्वतःचा डाव मोडतो. फेरी कुणीच न जिंकता संपली, तर तयार नसलेल्यांकडून एकूण 3,000 गुण जातात, तेही साधारण 25,000च्या भांडवलातून. समोरच्याने स्वतः उचलून डाव लावला तर उरलेल्या तिघांनाही भुर्दंड. बचावाची किंमत खेळ आधीच वसूल करतो. वर आणखी दंड कशाला? जपानच्या व्यावसायिक ‘एम. लीग’मध्ये तर शेवटचा क्रमांक टाळण्याबद्दल वैयक्तिक बक्षीस आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीकराला हे पटवायला जपान गाठायची गरज नाही. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटलेला. इकडे पत्त्यांत मेंढीकोट, पलीकडच्या हिंदी मुलखात दहला पकड. मेंढीकोटात चारपैकी तीन दश्श्या ज्यांच्या, ती जोडी जिंकली, मग तेरापैकी चारच हात झालेले असोत. भिडूने बदामचा एक्का टाकला, एकही हात न झालेल्या गड्याने त्यावर बदामची दश्शी सोडली: हात भिडूच्या नावावर, पण दश्शी या गड्याने वाचवली. असा गडी एकही हात न करता डाव काढून देतो. (दोघांचे मिळून तेराच्या तेरा हात गेले, तर चिडवा खुशाल!) दहला पकड आणखी कडक. तिथे सहसा एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात केल्याशिवाय मधला ढीग उचलता येत नाही. अधूनमधून हात मारणारा बहाद्दर कोरडाच.

माघार घेण्याचं कसब रमीतही लागतं. रमी कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली सांगितलं, ते पडलेली पानं लक्षात ठेवणं आणि कोणतं पान धरायचं, कोणतं टाकायचं याच्या कसबावर बोट ठेवून. 101 गुण झाले की बाद, अशा पूल रमीत पहिल्याच पाळीला पॅक केलं तर 20 गुण चढतात, मध्येच सोडलं तर 40, अडकलं तर 80 पर्यंत. सलग पाच डाव पॅक करणारा 100 वर अजून बसलेला असतो. दोनदा 80 खाल्लेला केव्हाच उठून चहा सांगायला गेलेला असतो. सहाव्या डावाला मात्र पहिल्याला पॅक करून भागत नाही, पानं उचलून लढावंच लागतं.