पोराला वाचता येतं का?

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आता वर्षातून तीनदा सगळीकडे एकच प्रश्नपत्रिका उघडली जाते. शाळा रुळल्यावर पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राच्या शेवटी संकलित एक, उन्हाळ्यात संकलित दोन. या तिन्हींचं मिळून नाव नियतकालिक मूल्यांकन चाचणी, शिक्षकांच्या तोंडी ‘पॅट’. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून २०२३-२४ पासून ती आली. मुलांना प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे तीन विषय. पेपर राज्याकडून येतात, उत्तरसूचीही येते. तपासतात मात्र वर्गशिक्षकच, आणि तपासलेले गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर तेच भरतात.

या शेवटच्या वाक्यावर मी गेली दोन वर्षं अडून बसले आहे. ज्याच्या शिकवण्याचा हिशेब त्या गुणांवरून होणार, त्यालाच ते गुण द्यायला सांगायचे आणि मग आलेल्या आकड्यांवर जिल्ह्यांची तुलना करायची, हे मला मुळातूनच चुकीचं वाटतं.

चाचणी नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. शिक्षण हक्क कायदा आला आणि २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. कल्पना फार चांगली होती. मुलाला नापासाचा शिक्का मारायचा नाही, वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, आकारिक नोंदी करायच्या. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली, मग त्यांच्या पीडीएफ आल्या, आणि ‘उपक्रमात आवडीने सहभागी होतो’ हे एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे उतरलं. कित्येक मुलं अक्षरओळखीवर अडलेली असतानाच पुढच्या वर्गात गेली. त्यांना काय येत नाही हे कुठल्याच कागदावर नव्हतं. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेची अट आणली, त्यामागे पालकांची ही चीडही होती. तेव्हा मोजायलाच हवं, यात वाद नाही.

कसं मोजावं याचं मला पटलेलं उदाहरण ‘असर’चं आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने हे सर्वेक्षण २००५ साली सुरू झालं. त्याचं वाचनाचं साधन म्हणजे एक कागद. त्यावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्वयंसेवक गावात जातो, घरोघर जातो आणि मुलाला ओट्यावर शेजारी बसवून वाचायला सांगतो. मूल कुठल्या शाळेत जातं किंवा जातच नाही, याने काही फरक पडत नाही. गुण नाहीत, टक्के नाहीत. मूल कुठवर वाचू शकतं एवढंच लिहायचं. या साध्या कागदाने देशाला सांगितलं की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत परत चढली. दोनातलं एक मूल. या आकड्यांवर सरकारं चिडली, पद्धतीवर वाद झाले, पण ते आकडे फुगवण्यात कुणाचंच हित नव्हतं. स्वयंसेवकाची बढती त्यावर नव्हती, शाळेचं नाव त्यात नव्हतं.

माझी मावसबहीण बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, शाळेतलं दुसरं माणूस म्हणजे मुख्याध्यापक. ते बहुतेक वेळ पोषण आहाराची नोंदवही, यू-डायस आणि येणाऱ्या लिंका भरण्यात असतात. पॅटच्या दिवसात तिला फोन केला की ती पेपर कमी आले म्हणून झेरॉक्सच्या दुकानात असते किंवा चॅटबॉट चालत नाही म्हणून रेंजच्या शोधात. गुणांबद्दल ती एकदा जे बोलली ते मला विसरता येत नाही. “ताई, खरे गुण भरले की पुढच्या बैठकीत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. जास्तीचे भरले तर कुणी काही विचारत नाही. आता तूच सांग, माणूस काय भरील?”

ती स्वतः खरे भरते, म्हणून बोलणी खाते. पण ती जे म्हणाली ते गावाकडच्या कुणालाही लगेच कळेल, कारण पिकांच्या पैसेवारीत आपण हेच पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. पन्नास पैशांच्या आत-बाहेर काय ठरतं हे एकदा ठाऊक झालं की शेतात किती पिकलं याच्याशी आकड्याचा संबंध सुटू लागतो. आकड्याला काय बांधलंय, यावर आकडा हलतो.

हा नुसता माझा तर्क नाही. अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या सरकारी शालेय चाचण्यांचा अभ्यास केला. त्याच मुलांची स्वतंत्रपणे पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा सरकारी नोंदीतली पातळी प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वर निघाली. आंध्र प्रदेशात अशी परीक्षा कागदाऐवजी टॅबवर घेतली, तेव्हा हा फुगवटा बराच उतरला.

अमेरिकेने तर याची फार मोठी किंमत मोजली. ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा नावाचा कायदा तिथे २००१ मध्ये संमत झाला. दरवर्षी चाचणी, दरवर्षी सुधारणा, नाहीतर शाळेवर कारवाई. अटलांटा शहराच्या शाळांचे गुण झपाट्याने चढले. शहराच्या शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम शिक्षणप्रमुख ठरल्या. मग उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली गेली. चुकीचं उत्तर पुसून बरोबर केल्याच्या खुणा इतक्या होत्या की योगायोग म्हणणं अशक्य होतं. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. या प्रकरणाची बातमी शिक्षकांच्या बेड्यांवर संपली, पण मला त्यातली मुलं दिसत राहतात. ज्यांची चुकीची उत्तरं खोडरबराने पुसली, त्यांना वाचता येत नव्हतं आणि कागदावर येत होतं. जे कागदावर येतं ते शिकवायला कुणी येत नाही.

आपल्याकडेही गुण वाढतात तेव्हा हेच घडतं. पायाभूत चाचणीत ‘चांगली’ ठरलेली मुलगी जादा तासाला बसत नाही. तिचं नाव अध्ययन स्तराच्या यादीत परिच्छेदासमोर जातं, आणि ती अजून ‘घ’ आणि ‘ध’ यांत घुटमळत असते, जोडाक्षर आलं की थांबते.

चूक ही शिक्षकाच्या दृष्टीने किती मोलाची गोष्ट आहे, हे वर्गाबाहेरच्यांना सहसा समजत नाही. तिसरीतल्या मुलाने ५२ मधून ३८ वजा केले आणि उत्तर लिहिलं २६. उत्तरपत्रिकेवर त्याला शून्य मिळेल. पण माझ्या बहिणीला त्या २६ मध्ये सगळं दिसतं. पोराने दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, पाचातून तीन काढले. त्याला वजाबाकी येते, मोठ्यातून लहान काढायचं हे त्याने पक्कं धरलंय, दशक सुट्टा करणं मात्र त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. आता त्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवायचं, दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायचा, काम पुढे सरकतं. ज्याने १२ लिहिलं त्याला वेगळं काही हवंय, ज्याने ९० लिहिलं त्याने चिन्हच पाहिलेलं नाही. तिघांनाही शून्यच. उत्तर खोडून १४ करणाऱ्याने ही सगळी माहिती जाळून टाकलेली असते.

म्हणून ती स्वतःची चाचणी घेते. जेवणाच्या सुट्टीनंतर एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावते, गोष्टीचं पान पुढे करते आणि ऐकते. एका वहीत नाव, तारीख आणि पोर कुठे अडलं ते. चौथीतल्या एका मुलाच्या नावापुढे तिने लिहिलं होतं, ‘रफार आला की गप्प. सूर्य, वर्ग, दोन्हीला.’ ही वही तिने कुठल्याही लिंकवर भरलेली नाही. तिच्या शाळेतली सगळ्यात खरी माहिती त्या वहीत आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचं याच्या अगदी उलट. दोन पेपर, प्रत्येकात ७५ प्रश्न, दीडशे गुण, उत्तरपत्रिका यंत्रावर तपासल्या जातात. गावाकडे अजूनही ‘स्कॉलरशिपला बसवलं’ असं अभिमानाने सांगतात, आणि २०१७ मध्ये चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेलेली ही परीक्षा पुन्हा जुन्या वर्गांकडे न्यायचं सरकारने ठरवलं तेव्हा अनेक शिक्षकांना आनंदच झाला. तिथल्या गुणांवर विश्वास ठेवता येतो, कारण ते वर्गशिक्षकाच्या हातात नसतात. पण कुणाला बसवायचं हे शाळेच्या हातात असतं, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलांबद्दल ती काहीच सांगत नाही. निवडीची परीक्षा आहे, निवडीपुरतीच ती पाहावी.

राज्याला आपली शाळा कुठे आहे हे कळायला हवंच. त्यासाठी प्रत्येक मुलाचा पेपर कशाला लागतो? ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववीतली एकवीस लाखांवर मुलं, नमुन्यात निवडलेल्या शाळा. त्यातून समजलं की तिसरीतल्या ५५ टक्केच मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता येतात, आणि सहावीत दहापर्यंतचे पाढे पक्के असणारी ५३ टक्केच. मंत्रालयात बसून धोरण ठरवायला एवढं पुरेसं आहे. नमुना घ्या, बाहेरचा माणूस पाठवा, शाळेचं नाव जाहीर करू नका. पॅटचे पेपर परीक्षेआधीच यूट्यूबवर फिरल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. लाखो मुलांना एकाच प्रश्नपत्रिकेवर मोजायचं आणि त्या मोजणीला इतकं वजन द्यायचं म्हटल्यावर हे होणारच.

पेपर प्रमाण मराठीत असतो, हेही यात येतं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं आणि सातपुड्यात पावरी बोलणारं मूल तिसरीत मराठी प्रश्न वाचतं, तेव्हा गणिताचा पेपर त्याच्यासाठी भाषेचाच पेपर होतो. त्याला बेरीज येते की नाही, ते त्या गुणांतून कळूच शकत नाही. तिथे शेजारी बसून, त्याच्या बोलीत दोन शब्द विचारणारा शिक्षकच ते शोधून काढू शकतो.

आणि बहिणीच्या शाळेत तर तीन चाचण्यांचं सगळं गणितच कोसळतं. पायाभूतला तिच्या पटावरची मुलं बहुतेक हजर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची गाडी येते, आणि काही मुलं आईबापांबरोबर सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. संकलित एकला वर्ग निम्मा. संकलित दोनच्या वेळी काही परत आलेली असतात, सहा महिने वहीला हात न लावलेली. पायाभूत ते संकलित दोन अशी प्रगती दाखवणारा जो आलेख वरून येतो, त्यात हा हंगाम कुठेच नाही. तिच्या शाळेचा आलेख खाली जातो आणि तिने काय शिकवलं असा प्रश्न तिला विचारला जातो.

या मुलांसाठी राज्याने एक चांगली गोष्ट केलेली आहे, शिक्षण हमी पत्रक. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावच्या शाळेने ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला वर्गात घ्यायचं. पत्रक गाडीत बसेपर्यंत हातात पडतंच असं नाही, पडलं तरी कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेपर्यंत पोचतंच असं नाही. चॅटबॉट, केंद्र, मोबाइल हे सगळं उभं करण्यावर एवढा खर्च झालाच आहे, तर त्याचा पहिला उपयोग इथे व्हावा. माझ्या बहिणीच्या वहीतली ती ओळ, ‘रफार आला की गप्प’, उसाच्या फडाजवळच्या शाळेतल्या बाईंना मूल दारात उभं राहील त्या दिवशी दिसली पाहिजे. गुण नकोत, श्रेणी नको, जिल्ह्याचा क्रमांक तर नकोच. मूल कुठवर वाचतं, कुठे अडतं, वजाबाकीत काय करतं, एवढं पुरे. परत येताना तिकडच्या बाईंनी त्याखाली आपली ओळ लिहावी. शिक्षण विभागाला यासाठी नवा पेपर छापावा लागणार नाही. यंदाच्या टोळ्या निघायच्या आत, निदान ऊसतोडीच्या तालुक्यांपुरतं, हे सुरू करता येईल.