खेळणारं मूल शिकतच असतं!



जूनमध्ये पहिलीच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, पोराला शंभरपर्यंत आकडे पाठ आहेत बरं का!" मी मुलासमोर पाच चिंचोके ठेवते आणि म्हणते, "यातले तीन दे." बऱ्याचदा मूल पाचही मोजतं आणि सगळे माझ्या हातावर ठेवतं. आकडे पाठ झाले, पण तीन म्हणजे किती हे कळायचं राहिलं.

तेच मूल भातुकलीत चार पाहुण्यांना चार भाकरी वाढतं, तेव्हा चार ही संख्या त्याला खरी कळते. तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे वेगळे करताना वर्गीकरण होतं. माती मळताना बोटांत ताकद येते. पेन्सिल धरायची तयारी इथेच होते.

हा विचार आपल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही ३ ते ८ या वयासाठी खेळातून शिक्षणावरच भर आहे.

मग आपण घाई का करतो? शेजारचं पोर लिहायला लागलं की जीव खालीवर होतो, हे मला कळतं. मीही चुकले आहे. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी तिला रोज पाटी गिरवायला बसवायचे. पुढे पुढे पाटी दिसली की ती "पोटात दुखतंय" म्हणायची. शेवटी मी पाटी बाजूला ठेवली.

खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणं नव्हे. बिया नाका-तोंडात जाऊ शकतात, म्हणून मोठं माणूस जवळ हवंच. सोबत बोलायलाही हवं: "जास्त कुठं आहेत? हा दाणा इकडं का ठेवलास?"

आपण शिक्षकांनीही पहिलीत येणाऱ्या मुलाचं कौतुक फक्त लिहिता येतं म्हणून करू नये. त्या कौतुकापायीच पालक तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देतात.

पालकहो, अंगणवाडीतून मूल मातीचे हात घेऊन आलं तर रागावू नका. "काय बनवलंस?" एवढं विचारा. ते सांगत बसेल, आणि ते सांगणं हाच त्याचा भाषेचा पहिला धडा असेल.