पगारासोबत रक्ताचा रिपोर्टही विचारा

शेतकरी बंधूंनो, दोन एकरांत भागत नाही म्हणून घरातले एखादे पोर आता एमआयडीसीत जाते. ते जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या किंवा शिसे वितळवण्याच्या कामावर असेल, तर पगार किती एवढेच विचारू नका. रक्तातले शिसे कधी तपासले, आकडा किती आला, तेही विचारा.

कारखान्यात हवेतली धूळ मोजतात, ते चांगलेच. पण एकाच शेडमध्ये एक जण साबणाने हात धुऊन भाकरी खातो, दुसरा तशाच हाताने तंबाखू मळतो. दोघांच्या अंगात किती गेले ते हवा कशी सांगणार? ते रक्तात कळते. रक्तातला आकडा म्हणजे साधारण मागच्या महिना-दोन महिन्यांचा हिशेब. जुने शिसे हाडांत मुरते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. म्हणून भरतीच्या वेळचा एकच रिपोर्ट फायलीला लावून चालत नाही. कामावर लागण्याआधी एकदा आणि पुढे ठरावीक मुदतीने तपासले, तरच आकडा चढतोय की उतरतोय ते दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे की १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे निघाले, तर ते कुठून येते ते शोधून थांबवावे. पोटात कळा येणे, मनगट लुळे पडणे हे फार पुढचे. तोवर वाट बघायची काय?

काही मालक म्हणतात, आम्ही दूध-गूळ देतो ना! द्या की, पण त्याने शिसे धुऊन निघत नाही. आकडा वाढला तर माणसाला पगार न कापता दुसऱ्या कामावर घ्यावे. औषध देऊन पुन्हा त्याच भट्टीपुढे उभे करणे हा तर जीवघेणा खेळ आहे.

कॅडमियम नि पाऱ्यासाठी लघवीही तपासतात. आर्सेनिकलाही तेच, मात्र आदल्या दोन-तीन दिवसांत मासळी खाल्ली असेल तर आकडा उगाच फुगतो. तेव्हा नमुना देताना सांगा.

आता सरपंच मंडळींनो, तुमच्याशी. शिवारात चार पत्रे ठोकून बॅटऱ्या फोडणारा ना हरकत दाखला मागायला आला, तर २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नोंदणी आधी बघा. कामगारांचे रक्त कोण, कुठे तपासणार, तेही लेखी घ्या. रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात पडली पाहिजे.

आणि मायबहिणींनो, कामावरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. त्या धुळीतले शिसे लहान लेकरांच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त मुरते नि थेट मेंदूवर जाते. घरात लहान मूल असेल, तर डॉक्टरांना बापाचे काम सांगून त्याचेही रक्त तपासून घ्या.