कॉफी शॉपमध्ये काय मागवाल?

लग्नाच्या पंगती उठल्या की मांडवाच्या कोपऱ्यात वाफेचे यंत्र फुसफुसू लागते. त्यातून निघालेली फेसाळ, गोड, वर चॉकलेटी पूड भुरभुरलेली दुधाची कॉफी म्हणजे आपली ‘एक्स्प्रेसो’. याच ओळखीवर विसंबून कोणी मॉलमधल्या कॉफी शॉपमध्ये एस्प्रेसो मागवली, तर समोर येतो भातुकलीत शोभावा एवढासा कप आणि त्यात दोन घोट काळीभोर कॉफी. ना दूध, ना साखर. इंदूरच्या माझ्या मावशीने तर तो कप पाहून वाढणाऱ्या मुलाला सरळ विचारले होते, ‘‘बाळा, हा नमुना आहे का? खरी कॉफी मागून येतेय ना?’’

१९९६ मध्ये बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले, तेव्हा ही चैन महानगरांपुरतीच होती. आता जिल्ह्याच्या गावीही अशी दुकाने दिसतात. मुलगी परीक्षेत पास झाली, मुलासाठी स्थळ पाहायचे आहे, जुन्या मैत्रिणी भेटल्या, की पावले तिकडे वळतात. मात्र भिंतीवरच्या फलकावरची नावे परकीच राहिली आहेत. मागे रांग खोळंबलेली असते, काउंटरवरचा मुलगा घाईत असतो, आणि विचारायचा संकोच वाटून आपण कोणत्यातरी नावावर बोट ठेवतो. बहुधा ते सर्वांत महाग आणि सर्वांत गोड पेय निघते!

खरे तर यात गूढ काहीच नाही. बहुतेक गरम पेयांचे मूळ एकच, एस्प्रेसो. बारीक दळलेल्या कॉफीतून दाबाने गरम पाणी सोडून काढलेला सुमारे ३० मिलिलिटर अर्क. दुकानदार त्याला ‘शॉट’ म्हणतात. त्यात नुसते गरम पाणी ओतले की अमेरिकानो. वाफेवर तापवलेले दूध आणि वर फेसाचा जाड थर दिला की कॅपुचिनो. दूध जास्त, फेस नावापुरता, म्हणजे लाते. लातेसारखीच पण लहान कपातली, त्यामुळे कॉफीची चव अधिक ठसठशीत, ती फ्लॅट व्हाइट. लातेत चॉकलेट घातले की मोका. (इटलीत जाऊन नुसते ‘लाते’ मागाल, तर कपभर दूध मिळेल, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध!) म्हणून मांडवातल्या कॉफीची सवय असेल, तर कॅपुचिनो मागवावी. चव तंतोतंत तीच नसेल, पण हिरमोडही होणार नाही. साखर आधी घातलेली नसते, ती आपण वरून घ्यायची.

आता चवीपेक्षा महत्त्वाची गोष्ट. कडू म्हणजे कडक, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दीडशे मिलिलिटर पारंपरिक कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असल्याचे म्हटले आहे. म्हणजे त्या भातुकलीच्या कपापेक्षा फिल्टर कॉफीचा पेलाच जास्त जागवतो. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असेही या सूचना सांगतात. यात दिवसभराचा चहासुद्धा धरायचा, बरे का! मोठा कप मागवला, तर पुष्कळ दुकानांत त्यात दोन शॉट असतात. सकाळपासून तीनचार कप चहा झालेला असेल, तर संध्याकाळची मोठी लाते हिशेब सहज चुकवते. ‘एकच शॉट घाला’ असे सांगता येते, आणि सांगावे.

गर्भवतींनी तर हा हिशेब काटेकोरपणे ठेवायला हवा. पुष्कळ डॉक्टर त्यांना दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, गर्भारपणात त्याहून अधिक. ज्यांना झोपेची तक्रार आहे, त्यांनीही दुपारनंतर डिकॅफ आहे का, हे विचारावे. त्यात कॅफिन अगदी शून्य नसते, पण फारच थोडे असते.

दुसरी बाब बायकांच्या बाबतीत हटकून दुर्लक्षिली जाते. मैत्रिणींसोबत सँडविच आणि कॉफी एकत्र, हा ठरलेला बेत असतो. चहा-कॉफीतले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. लोहाच्या गोळ्या चालू असतील आणि त्यावर लगेच कॉफी घेतली जात असेल, तर गोळीचा उपयोग तो काय? वरच्या सूचनांनुसार जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. तेव्हा पोटभर खायचेच असेल, तर सोबत ताजे लिंबू सरबत मागवावे. लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व उलट लोह शोषायला मदत करते.

मुलांचा ओढा अर्थातच थंड पेयांकडे. आइस्क्रीम, सिरप आणि वर क्रीमचा डोंगर असलेली फ्रापे कॉफी कमी आणि मिठाई जास्त असते. वाढदिवसाला एखादी ठीक, दोघांत एक घेतली तर उत्तम. बारा वर्षांखालच्या मुलांना कॉफी देऊच नये. कोल्ड ब्रू मात्र फसवी असते. कॉफीची भरड थंड पाण्यात बारा-बारा तास भिजवून ती गाळतात. कडवटपणा कमी, म्हणून सरबतासारखी घटाघटा प्यायली जाते, पण कॅफिन चांगलेच असते. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी ती पिऊन आलेली मुलगी रात्री दोनपर्यंत टक्क जागी का, याचे उत्तर बहुधा त्या पेल्यातच सापडेल. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या दुकानांना २०२२ पासून पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. किमतीशेजारचा तो बारीक आकडा वाचलात, तर साध्या कॅपुचिनोतला आणि फ्रापेतला फरक कोणी समजावून सांगायला नको. घरात मधुमेही असतील, तर त्यांच्यासाठी आधी तोच आकडा पाहावा, आणि सिरप नको म्हणून सांगावे.

एवढे करून मन भरत नसेल, तर इंडियन कॉफी हाउस आहेच. कामगारांच्या सहकारी संस्थांनी १९५७ पासून चालवलेली ही घरे कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटपासून केरळपर्यंत पसरली आहेत. तिथे नावांचा घोळ नाही आणि खिशालाही फारसा चटका नाही. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत पुष्कळदा चिकोरी असते. ती एका झाडाची भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन अजिबात नसते. पाकिटावर दोहोंचे प्रमाण छापलेले असते. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी.

आणि हो, बिल नीट पाहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवाशुल्क सक्तीचे नाही, असे स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. जीएसटी द्यावाच लागतो, सेवाशुल्क मात्र नको असेल तर पैसे देण्याआधीच काढून टाकायला सांगा.